म्हसडोहातले शिंगाळे

सोलापूर जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय खात्यात नोकरी केली असं सांगितलं, की परगावचे लोक आधी हसतात. चादर ठाऊक असते, शेंगाची चटणी ठाऊक असते, ज्वारी तर असतेच. मग हळूच विचारतात, "पण तिथं मासे कुठं असतात?"

"पाण्यात," असं मी सांगते. "पाणी कमी, म्हणून काम जास्त."

भवानी पेठेत आमचं घर. वडील शाळामास्तर, आईच्या माहेरी देवळातली पूजा. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. अंडं मात्र उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. मी प्राणिशास्त्र शिकले, परीक्षा दिली आणि नेमणुकीचा कागद आला तो माशांच्या खात्याचा. आईनं तो दोनदा वाचून विचारलं, "बँकेत नाही का गं बदलून मिळत?" शेजारच्या तेलुगू घरातली लक्ष्मीअक्का तेवढी खूश झाली. तिच्या घरी माग होता आणि रविवारी मासा. ती म्हणाली, "आता ताजा कुठं मिळतो ते तूच सांगायचं."

मी आजतागायत मासा चाखलेला नाही. मच्छीमारांपासून हे मी कधी लपवलं नाही. उलट त्याचा मला फायदाच झाला. एका म्हाताऱ्या भोयानं बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मॅडम मासा खात न्हाईत. म्हंजी चोरणार बी न्हाईत."

आमचं काम बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. तलावात सोडायला बोटाएवढी पिल्लं आणायची, त्याला आम्ही मत्स्यबीज म्हणतो. या 'बी' शब्दानं मला फार छळलंय. मंगळवेढ्याकडचा एक ज्वारीवाला शेतकरी तणतणत कार्यालयात आला होता. "तुमचं बी बोगस हाय. एक बी उगवलं न्हाय."

"सोडलं कसं तुम्ही?"

"कसं म्हंजी? पिशवी फाडली आन हिरीत पेरलं की!"

भर दुपारी, एसटीच्या टपावर तापून आलेली पिशवी त्यानं थेट गार विहिरीत ओतली होती. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग हलक्या हातानं तोंड सोडायचं, हे मी त्याला समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हंजी नव्या सुनंला घरात घेत्यात तसं." पुढे अनेक वर्षं मी हीच उपमा त्याचं नाव न सांगता वापरली.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. पण ज्या कामासाठी मला माझी नोकरी आठवावीशी वाटते ते काम कुठल्या योजनेत नव्हतं. ते मंद्रूपच्या बाजारात सुरू झालं.

मंद्रूपच्या आठवडी बाजारात शेवंताबाई मासे घेऊन बसायची. सीनाकाठच्या एका गावातली भोई बाई, पन्नाशीची, मच्छीमार संस्थेतली एकटीच बाई सभासद. त्या दिवशी तिच्या पाटीत फक्त चिलापी होती. चिलापी हा बाहेरून आलेला मासा. गढूळ, घाण, कसल्याही पाण्यात वाढतो आणि बाकीच्यांची अंडी खातो. मी सहज विचारलं, "शिंगाळा नाही आज?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आज? मॅडम, शिंगाळा बघून किती वरसं झाली. तुमी तळ्यात बी टाकता, कटला टाकता, रोहू टाकता. नदीत काय टाकता?"

"नदीतला मासा टाकून होत नाही बाई. त्याला राहायला जागा लागते."

"मग जागा करा की. पगार कशाचा घेता?"

भाजीवाली हसली. मी हसले नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

शिंगाळा हा आमच्या नद्यांचा राजबिंडा मासा. अंगावर खवलं नाहीत, रुपेरी राखी कातडी, चपटं तोंड, लांबलचक मिशा. उन्हाळ्यात नदीची धार तुटते आणि डोह तेवढे उरतात, तेव्हा हा मासा डोहाच्या तळाशी परातीएवढा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं निघून पोहू लागेपर्यंत नर त्या खळग्यावर राखण करत राहतो. म्हणजे त्याचा संसार नेमका अशा दिवसांत असतो, जेव्हा माणसाला डोहातलं पाणीही हवं असतं आणि तळची वाळूही.

पुढच्याच आठवड्यात मी शेवंताबाईच्या गावी गेले. गावाखाली सीनेचा एक मोठा डोह आहे. पूर्वी दुपारभर म्हशी बसायच्या म्हणून म्हसडोह. एप्रिल महिना होता. काठावरून काळे पाईप पाण्यात उतरले होते आणि मोटारी घरघरत होत्या. पाणी मागे सरून तळाचा चिखल उघडा पडला होता, आणि त्या चिखलात गोल गोल खळगे होते, सुकत चाललेले. एका खळग्यात नखाएवढी पिल्लं चिकटून वाळली होती.

म्हणजे शिंगाळा संपला नव्हता. दरवर्षी येत होता, घर मांडत होता आणि दरवर्षी त्याचं घर उघड्यावर पडत होतं.

शेवंताबाई खाली बसली. एका खळग्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "आमाला वाटलं, गेला. ह्यो तर हितंच मरत हुता."

मी साहेबांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "नदीसाठी आपल्याकडे योजना नाही. तलाव मोजता येतो, नदी मोजता येत नाही. तुम्ही तलावांचं बघा." मी तलावांचंही बघत राहिले. आणि म्हसडोहाचंही.

गावात पहिली बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. मल्लिनाथअण्णा पहिल्या रांगेत बसले होते. नदीकाठी त्यांचा सगळ्यात मोठा ऊस आणि सगळ्यात मोठी मोटार. पांढरं धोतर, आवाज खणखणीत. माझं बोलून झाल्यावर ते उठले.

"मॅडम, आमचं पाणी बंद करून तुमचं मासं जगवायचं?"

"पाणी बंद नाही अण्णा. पातळी एका खुणेच्या खाली गेली तरच. आणि मासे माझे नाहीत, मी तर खातही नाही."

"मी बी खात न्हाय. मग दोघं न खाणारी कशाला भांडतोय?" सगळे हसले आणि बैठक मोडली.

दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसं आली. तिसरीला शेवंताबाई, चार भोई आणि धनगराचा बिरप्पा एवढेच. बिरप्पा मेंढरं घेऊन नदीकाठानं फिरायचा. माणूस अबोल. त्या दिवशी मात्र तो आपण होऊन बोलला. गेल्या साली कोणीतरी मासे मारायला वरच्या डबक्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. ते पाणी पिऊन त्याची मेंढरं मेली होती. "मासं मरूद्यात न्हायतर जगूद्यात," तो म्हणाला, "मला प्यायचं पाणी निर्मळ पायजे. मी राखण करतो. दिसभर तितंच असतो की मी."

अशी सुरुवात झाली. मला तेव्हा एक गोष्ट कळली. सगळ्यांना माशाचं प्रेम लावायच्या नादी लागायचं नाही. कुणाला मेंढरं हवी होती, कुणाला धुण्याला पाणी, कुणाला जाळ्यात मासा. डोह भरलेला राहिला तर प्रत्येकाचं आपापलं काहीतरी त्यात राहणार होतं.

पण शेवंताबाईशीही माझं भांडण झालंच. मी म्हणाले, उन्हाळ्यात म्हसडोहात जाळं टाकायचं नाही. ती उसळली. "वा! मोटारवाल्यांस्नी हात जोडता आन आमच्या पोटावर पाय? उनाळ्यात डोहातच मासा घावतो. आमी काय खायाचं, वाळू?"

"बाई, राखण करणारा नर जाळ्यात गेला की मागची सगळी पिल्लं चिलापीच्या पोटात जातात."

"ते मला सांगू नका. मला म्हायती हाय. माझा नवरा त्योच मासा धरायचा. लई सोपा. जागचा हलतच न्हाय."

मग तिनंच तोडगा काढला. म्हसडोह बंद, पण खालची वरची डबकी खुली, आणि तिथं बाहेरच्या ठेकेदाराची माणसं येऊ द्यायची नाहीत. ते तिनं संस्थेत लढून मंजूर करून घेतलं. घरातल्या दिराचा तिनं वर्षभर अबोला सहन केला तो यापायीच.

मल्लिनाथअण्णांना मी डोहावर घेऊन गेले तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता. ते येणार नाहीत असंच सगळे म्हणत होते. मी त्यांच्या बांधावर जाऊन कानडीत म्हटलं, "अण्णा, बन्नि, नोडि. या, नुसतं बघा." घरच्या भाषेत बोलावल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. ते आले. उघड्या पडलेल्या खळग्यांपाशी मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाकले, वाळलेली पिल्लं पाहिली. परत जाताना फक्त विचारलं, "खूण कुठं करायची म्हणता?"

डोहाच्या कडेला एक मोठा खडक आहे. त्यावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढला. पाणी पट्ट्याखाली गेलं की सगळ्या मोटारी बंद. ग्रामसभेत ठराव झाला. ठरावावर विश्वास ठेवणारी मी नाही, पण पट्टा सगळ्यांना दिसत होता. धुणं धुणाऱ्या बायकाही येता-जाता एकमेकींना सांगायच्या, "अजून वीतभर हाय."

वाळू उपसून नेणारी वाहनं ज्या उतारावरून पात्रात शिरायची, तिथं बायकांनी चर खणला. एका सकाळी एक वाहन येऊन चराशी थांबलं. ड्रायव्हर खाली उतरून ओरडू लागला. कुदळ घेतलेल्या बायका जागच्या हलल्या नाहीत. शेवंताबाई त्याला शांतपणे म्हणाली, "तू वरडून घे. दमलास की पानी पी आन जा." तो वळला. आम्ही डोहात बाभळीच्या काट्या आणि फुटके सिमेंटचे पाईप टाकले. त्यात मासा लपतो आणि चोरून टाकलेलं जाळं फाटतं. काठावर करंज लावले. निम्मे बिरप्पाच्याच मेंढरांनी खाल्ले. त्यानं मान खाली घालून पुन्हा लावले.

दोन उन्हाळे बरे गेले. तिसरा आला तो सगळं पुसायलाच आल्यासारखा. पाऊस आधीच कमी झाला होता. एप्रिलातच पाणी पट्ट्याला टेकलं आणि मोटारी थांबल्या. मल्लिनाथअण्णांची पण थांबली. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर दुसरी मोटार होती, तिच्या तोकड्या पाण्यावर त्यांनी ऊस कसाबसा धरून ठेवला होता. बाकीच्यांनी कुरकुर केली, पण पट्टा पाळला.

मे महिन्यात हवा कोंदली. ढग यायचे, वारा पडायचा, पाऊस नाही. एका सकाळी शेवंताबाईचा फोन आला. "मॅडम, पानी हिरवं झालंय. मासं वर तोंड काढाया लागल्यात. लौकर या."

मी पोचले तेव्हा सगळं गाव काठावर होतं. डोह शेवाळाच्या पाण्यानं हिरवागार, आणि त्यातून शेकडो तोंडं आ वासून वर आलेली. कडेला काही शिंगाळे उलटे होऊन तरंगत होते. हे कसं होतं ते सांगते. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं, ती मासा घेतो. रात्री तेच शेवाळ ती हवा परत ओढून घेतं. वारा नसला, ढग असले, पाणी थोडं असलं, की सकाळपर्यंत पाण्यात श्वासच उरत नाही. मासा पाण्यात बुडून मरतो म्हटलं तर लोकांना खोटं वाटतं, पण तसंच असतं ते.

"उपाय सांगा," शेवंताबाई म्हणाली.

"पाणी हवेत उडवायचं. उंचावरून खडकावर पाडायचं. जितकं फुटेल तितकी हवा मिसळेल. मोठी मोटार हवी. पाणी उपसायचं आणि डोहातच परत टाकायचं."

मोठी मोटार एकच होती. सगळे मल्लिनाथअण्णांकडे बघू लागले.

अडचण दुहेरी होती. त्या बाजूची विजेची डीपी जुनी. तिच्यावर अण्णांची एका वेळी एकच मोटार चालायची. दोन लावल्या की फ्यूज उडायचा. शेतीची वीज त्या आठवड्यात सकाळच्या पाळीला होती आणि माशांना श्वास हवा तोही सकाळीच. म्हणजे नदीची मोटार चालली तर विहिरीची बंद. ऊस आधीच पिवळा पडला होता.

दुसरी अडचण लोकांच्या मनात होती. गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "एकदा का मोटार सुरू झाली की पानी उसालाच जातंय बघा. माशाचं निमित." बिरप्पा काठी टेकून मोटारीच्या वाटेत उभा राहिला. शेवंताबाई पुढे होऊन अण्णांना म्हणाली, "अण्णा, राग मानू नका. पाईप तुमच्या शेतात जातोय. आमी बघितल्याबिगर सुरू करू देनार न्हाय."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, आता हा माणूस घरी जाणार आणि इतक्या वर्षांचं काम संपणार. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. ते मोटारीच्या खोपटात गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन बाहेर आले. काठावर उसाकडे वळणारा पाईप होता. त्यांनी धोतर खोचलं, पाईपावर गुडघा टेकला आणि करवत चालवायला सुरुवात केली.

करवतीचा आवाज तेवढा. पाईप तुटला. त्यांनी उसाकडचं टोक लाथेनं बाजूला सारलं आणि घाम पुसत म्हणाले, "आता जायचं म्हटलं तरी उसाला जानार न्हाय. बगितलं का सगळ्यांनी?"

बिरप्पा वाटेतून बाजूला झाला. मग त्यानंच तुटका पाईप उचलून खडकाच्या माथ्यावर धरला, भोयांनी तो दोरांनी बांधला. मोटार सुरू झाली. पाणी खडकावर आपटलं, फुटलं, पांढरं होऊन डोहात पडू लागलं. बायकांनी घागरी आणल्या. पाण्यात उतरून त्या घागरीनं पाणी उडवत राहिल्या. थोड्या वेळानं मासे त्या पांढऱ्या पाण्याकडे सरकू लागले, एकमेकांवर चढून, तोंडं उघडी. नळावर बायकांची गर्दी होते तशी.

वारा सुटेपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. रोज सकाळी मल्लिनाथअण्णा स्वतः येऊन मोटार सुरू करायचे आणि उसाकडे पाठ करून बसायचे. एकदा मी शेजारी जाऊन बसले.

"अण्णा, उसाचा फड..."

"गेला," ते म्हणाले. "वैरणीला कापतो. बिरप्पाला पन देतो थोडा. अक्का, एक सांगू? त्या दिवशी मला लई राग आला हुता. माशाचा न्हाय. माझ्यावर कुनाचा इस्वास न्हाय, ह्याचा." त्या दिवसापासून मी त्यांची मॅडम राहिले नाही, अक्का झाले.

बरेच मासे मेले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण बरेच जगले, आणि नदी वाहती झाल्यावर डोहातून वर-खाली पसरले. हिवाळ्यात शेवंताबाईच्या पाटीत शिंगाळा आला. मंद्रूपच्या बाजारात ती मला हाक मारून म्हणाली, "घेनार न्हाई म्हायती हाय, पन बगून तर जा."

खंत एवढीच, की म्हसडोहाच्या वर आणि खाली असे कितीतरी डोह वाळूच्या उपशानं उजाड झाले आहेत. मी निवृत्त झाले. एका डोहावर माझी नोकरी खर्ची पडली असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेवंताबाईनं बोलावून घेतलं. खात्यातला नवा अधिकारी टेम्पोत बी घेऊन आला होता, म्हसडोहात सोडायला. चांगला, उत्साही तरुण. त्यानं म्हसडोहाचं नाव ऐकलं होतं आणि इथं काहीतरी द्यावं असं त्याला मनापासून वाटलं होतं. गावानं टेम्पो अडवला होता. मला बघून तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच समजावा यांना. लवकर वाढणारी जात आहे."

"मी आता खात्यात नाही," मी म्हणाले. "यांना विचारा."

शेवंताबाई म्हणाली, "सायेब, बी चांगलं हाय तर गावच्या तळ्यात सोडा. आमीच सोडू लागतो. ह्या डोहात बाहेरचं काय बी पडनार न्हाय."

"पण का?"

उत्तर मल्लिनाथअण्णांनी दिलं. आता त्यांच्या हातात काठी असते. "चप्पल काढा," ते म्हणाले. तो गोंधळला, पण त्यानं चप्पल काढली. अण्णा त्याला खडकावर घेऊन गेले. "आडवं व्हा. पोटावर. सावली पडली की त्यो बिचकतो." इस्त्रीचा शर्ट घातलेला तो अधिकारी क्षणभर थांबला आणि मग तापल्या खडकावर पालथा झाला. अण्णाही कण्हत त्याच्या शेजारी आडवे झाले.

बिरप्पानं मेंढरं लांब वळवली.

"काट्यांच्या पलीकडं बगा," अण्णा कुजबुजले. "पांढरट गोल दिसतोय? त्याच्या वर. शेपटी हलतीय. खाली पिल्लं हाईत."

बराच वेळ गेला.

"दिसला?"

"दिसला," तो म्हणाला, आणि उठला नाही.